घुमट वाचायचा कसा?

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये शिरलेल्या पर्यटकांचा क्रम ठरलेला असतो. बाहेरून पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराचा थाट पाहिल्यावर आतल्या उघड्याबोडक्या भिंती बघून थोडी निराशा होते. मग गर्दीबरोबर पुढे सरकत घुमटापर्यंत जायचं, मान वर करायची, ‘बाप रे’ म्हणायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि बाहेर पडून जिलातो शोधायचं. संध्याकाळी हॉटेलवर फोटो मोठा करून पाहिला तर त्यात ढग, पंख, उघडी अंगं आणि खाली लालसर आगीचा पट्टा, एवढंच हाती लागतं. नेमकं काय पाहिलं, हे सांगता येत नाही.

या घुमटावर सातशेच्या आसपास आकृत्या आहेत आणि चित्राचं क्षेत्रफळ सुमारे ३६०० चौरस मीटर आहे. एवढा खर्च आणि एवढी मेहनत करून कुणी गोंधळ रंगवून ठेवणार नाही. मग आपल्याला गोंधळच का दिसतो? आपण त्याच्याकडे एक चित्र म्हणून बघतो, हे त्याचं एक कारण. जमिनीपासून नव्वद मीटर उंचीवर मानवी आकृती कशी दिसते याचं गणित आपण केलेलं नसतं, हे दुसरं. दोन्ही गोष्टी समजून घ्यायला फारसा वेळ लागत नाही.

आधी घुमट, मग चित्र

सांता मारिया देल फिओरे हे या कॅथीड्रलचं नाव. बांधकामाला १२९६ साली सुरुवात झाली. शंभर वर्षांनंतरही मधली मोठी अष्टकोनी जागा आभाळाला उघडीच होती, कारण एवढ्या रुंदीवर घुमट चढवायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १४२० ते १४३६ या काळात फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने तो चढवला, आणि तोही जमिनीपासून वरपर्यंत लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. एकात एक दोन कवचं आणि विटांची तिरपी गुंफण या त्याच्या युक्त्यांवर स्वतंत्र पुस्तकं आहेत, म्हणून इथे थांबत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आतलं अंतर सुमारे ४५ मीटर आहे. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो: त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, आणि तो या घुमटानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी पुरा झाला.

चित्राच्या दृष्टीने दोन्ही घुमटांतला एक फरक महत्त्वाचा आहे. गोलघुमट खरोखरच गोल आहे. फ्लॉरेन्सचा घुमट उघडलेल्या छत्रीसारखा आहे: आठ काड्या आणि त्यांच्यामध्ये आठ पाकळ्या. प्रत्येक पाकळी खालून वर जाताना वाकते, पण आडव्या दिशेने ती सपाटच असते. त्यामुळे चित्रकारांना एक अखंड गोल मिळाला नाही. वर निमुळते होत जाणारे आठ उंच फलक मिळाले.

घुमट पुरा झाल्यावर सुमारे एकशे चाळीस वर्षं त्याची आतली बाजू पांढरीच होती. रंग होता तो घुमटाखालच्या गोल खिडक्यांत. त्यांच्या रंगीत काचांची रेखाटनं दोनातेल्लो, गिबर्ती, उच्चेल्लो आणि कास्तान्यो या चौघांनी केली. एका इमारतीच्या खिडक्यांसाठी असे चार कलावंत लाभणं दुर्मीळच, पण वरच्या आगीकडे लागलेली नजर तिथवर सहसा येत नाही.

पाच ओळी, आठ रकाने

१५७२ साली ड्यूक कोसिमो दे मेदिचीच्या इच्छेवरून जॉर्जो वसारीने काम सुरू केलं. वसारी म्हणजे इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिणारा तोच. विषय ठरला अंतिम न्यायाचा: जगाचा शेवट झाला आहे, मेलेले उठले आहेत आणि ख्रिस्त त्यांचा निवाडा करतो आहे. पण कोणती आकृती कुठे बसवायची, हे वसारीने एकट्याने ठरवलं नाही. त्याची मांडणी केली विन्चेंझो बोर्गिनी या विद्वान धर्मगुरूने. बोर्गिनी मोठा शिस्तीचा माणूस असावा, कारण त्याने तयार केलेली योजना म्हणजे अक्षरशः एक तक्ता आहे.

आडव्या ओळी पाच. त्या वरून खाली वाचायच्या. घुमटाच्या टोकाला उजेड येण्याची अष्टकोनी जागा आहे. तिच्याभोवती रंगवलेल्या वास्तूत बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले चोवीस वडीलधारे बसले आहेत. दुसऱ्या ओळीत देवदूतांचे ताफे आहेत आणि त्यांच्या हातांत ख्रिस्ताच्या छळाची साधनं: क्रूस, खांब, काट्यांचा मुकुट वगैरे. तिसऱ्या ओळीत ख्रिस्त, मारिया आणि संतमंडळी. चौथीत गुणांची मानवी रूपं, म्हणजे श्रद्धा, आशा, प्रेम अशा कल्पनांना दिलेली शरीरं. पाचवी, सगळ्यात खालची ओळ नरकाची.

उभे रकाने आठ, म्हणजे छत्रीच्या आठ पाकळ्या. तिसऱ्या ओळीत प्रत्येक रकान्यात वेगळा समाज भेटतो: कुठे प्रेषित, कुठे हुतात्मे, कुठे धर्मपंडित, कुठे साधी श्रद्धाळू जनता. त्याच रकान्यात खाली उतरलं की त्या जागेला नेमून दिलेलं पाप येतं.

बोर्गिनीसमोरची खरी अडचण इथेच होती. ख्रिस्ती परंपरेत मुख्य पापं सात आहेत आणि पाकळ्या आठ. आपल्या षड्रिपूंशी या सातांचा ताळा घातला तर काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर हे पाच जुळतात. मोह तिकडे नाही, त्याऐवजी खादाडपणा आणि आळस आहेत. प्रत्येक पापाला एकेक प्राणी किंवा राक्षस नेमून दिला आहे. क्रोधाला अस्वल, आळसाला उंट, कामवासनेला डुक्कर, लोभाला भेक, खादाडपणाला तीन डोक्यांचा कुत्रा सर्बेरस, मत्सराला अनेक फण्यांचा हायड्रा आणि गर्वाला खुद्द सैतान लुसिफर. हे प्राणी एकदा माहीत असले की नरकाचा पट्टा चटकन उलगडतो. लांबून पापी माणसं सगळी सारखीच दिसतात. अस्वल मात्र अस्वलच दिसतं.

उरलेली आठवी पाकळी पूर्वेची. पश्चिमेच्या दारातून आत येणाऱ्याला समोर दिसते ती हीच, आणि म्हणून ख्रिस्त इथे बसवला आहे. सोबत मारिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान आहेत. त्यांच्या खाली श्रद्धा, आशा आणि प्रेम. आणि सगळ्यात खाली, इतर सातही रकान्यांत जिथे नरक आहे त्या जागी, नरक नाही. तिथे वाळूचं घड्याळ घेतलेला काळ आहे आणि मृत्यू आहे, आणि मृत्यू आपलाच कोयता मोडून टाकतो आहे. काळच संपला तर मृत्यूला काम उरत नाही, हा विचार त्या एका कृतीत बसवला आहे. सात आणि आठचा मेळ बसत नाही, या अडचणीतून बोर्गिनीने घुमटावरची सर्वोत्तम कल्पना काढली, असं माझं मत आहे. बहुतेकांची नजर तिथे जातच नाही, कारण सगळे आगीकडे बघत असतात.

पुरावा समोरच्याच इमारतीत

हा तक्ता काही बोर्गिनीच्या डोक्यातून अचानक उगवला नव्हता. कॅथीड्रलच्या दारासमोरच बाप्तिस्त्री आहे, म्हणजे जिथे शहरातल्या मुलांचा बाप्तिस्मा होत असे ती अष्टकोनी इमारत. तिच्या छतावर तेराव्या शतकातलं सोनेरी कुट्टिमचित्र आहे. काचेचे आणि दगडाचे बारीक तुकडे जोडून केलेलं ते चित्रही आठ पाकळ्यांचं आणि आडव्या पट्ट्यांचं आहे, आणि त्यातही अंतिम न्याय आहेच. मात्र तिथे न्यायाला आठांपैकी तीनच पाकळ्या मिळाल्या आहेत. बाकीच्या पाकळ्यांवर सृष्टीची उत्पत्ती, योसेफ, ख्रिस्त आणि योहान यांच्या कथा ओळीने मांडल्या आहेत. फ्लॉरेन्सकरांची पिढ्यानपिढ्या अशा छताशी ओळख होती. म्हणून शक्य असेल तर आधी बाप्तिस्त्रीचं छत पाहावं आणि मग घुमट. छोट्या छतावर सराव झाला की मोठं छत जड जात नाही.

कॅथीड्रलच्या आत डाव्या हाताच्या भिंतीवर, नरकाचं वर्णन करणारं काव्य लिहिणाऱ्या दांतेचं चित्र आहे. दोमेनिको दि मिकेलिनोने ते १४६५ साली काढलं. हातात आपलं काव्य धरून कवी उभा आहे. एका बाजूला नरकाची वाट, मागे शुद्धीचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला फ्लॉरेन्स शहर, त्यात हाच घुमट. घुमटावरचा नरक रंगवणाऱ्यांच्या मनात दांते होताच, त्यामुळे वर बघण्याआधी या चित्रापाशी दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

नव्वद मीटरांचं गणित

आता दुसरं कारण. चित्र जिथून सुरू होतं ती कड जमिनीपासून सुमारे ५५ मीटरांवर आहे आणि टोक नव्वदच्या आसपास. नव्वद मीटरांवर खऱ्या उंचीचा माणूस उभा केला आणि हात लांब करून बोटांनी त्याचं माप घेतलं, तर तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरतो. म्हणजे वर खऱ्या मापाची माणसं काढली असती तर खालून मुंग्या दिसल्या असत्या. साहजिकच आकृत्या माणसाच्या कितीतरी पट मोठ्या काढाव्या लागल्या.

पण नुसतं मोठं काढून भागत नाही. घुमट खालच्या बाजूला जवळजवळ उभ्या भिंतीसारखा आहे, वर जाताना तो आत झुकतो आणि टोकाजवळ बऱ्यापैकी आडवा होतो. तुम्ही अगदी मध्यभागी उभं राहून वर पाहिलंत तर टोकाजवळचा भाग तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणून तिथल्या आकृत्या लांब असूनही आखूड दिसत नाहीत. खालचा नरक जवळ असतो, पण त्याच्याकडे तुम्ही फार तिरकं बघत असता. उभ्या भिंतीवरची आकृती तेवढ्या तिरक्या कोनातून निम्म्याहूनही कमी उंचीची दिसते. वरचं लांब पण सरळ, खालचं जवळ पण चेपलेलं, असा हा विचित्र व्यवहार आहे.

यावर उपाय सोपा आहे: मागे सरा. लांबलचक मधल्या दालनात पन्नास-साठ मीटर मागे उभं राहिलात की पूर्वेची पाकळी पुष्कळ कमी तिरकी दिसते आणि तिच्यावरच्या आकृत्या आपल्या मापात येतात. वरचा भाग कमानीआड जातो, पण ख्रिस्त आणि त्याच्या खालची माणसं नीट बघायची तर ती दुरूनच. घुमटाच्या पुढ्यात गर्दी करणाऱ्या मंडळींना हीच पाकळी त्याहून जास्त तिरकी दिसत असते.

*चौकट: कुठे उभं राहायचं, काय शोधायचं*
*मधल्या दालनाच्या मध्यावरून: पूर्वेचा ख्रिस्त, त्याखाली श्रद्धा-आशा-प्रेम, आणि तळाशी कोयता मोडणारा मृत्यू.*
*घुमटाजवळून: टोकाभोवतीचे चोवीस वडीलधारे, मग एकच पाकळी निवडून वरून खाली पाच ओळी मोजा.*
*डावी-उजवीकडच्या पाकळ्या: तळाशी आधी प्राणी ओळखा, म्हणजे पाप कळेल.*
*छोटी दुर्बीण जवळ असली तर फार उत्तम.*

चुना कुणासाठी थांबत नाही

जवळून पाहिलं तर घुमटावर दोन हात स्पष्ट ओळखू येतात. त्याचं कारण चुन्यात आहे.

ओल्या गिलाव्यावर चित्र काढण्याच्या या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात. भिंतीला चुना आणि वाळूचा गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. त्यात डिंक, सरस असं काहीच घालायचं नाही. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. रंगाचे कण त्या दगडी थरात अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच भाग होतो. म्हणून तो शतकानुशतकं टिकतो.

मात्र हे सगळं काही तासांत उरकावं लागतं. गिलावा सुकला की दार बंद. म्हणून चित्रकार दिवसभरात रंगवून होईल तेवढ्याच तुकड्यावर सकाळी गिलावा करून घेतो. संध्याकाळी उरलेला गिलावा कापून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारचा तुकडा घेतो. चूक झाली तर गिलावा खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे आकृतीचा खाका आधीच मोठ्या कागदावर तयार ठेवावा लागतो. आणि काम नेहमी वरून खाली चालतं, कारण वरून ओघळणारं पाणी आणि चुना खालचं पुरं झालेलं चित्र खराब करतो.

दुसरी वाट कोरड्या गिलाव्याची. रंगात सरस किंवा तसलं काही चिकट द्रव्य मिसळून तो वाळलेल्या भिंतीवर लावायचा. आपल्या अजिंठ्याची चित्रं या कोरड्या पद्धतीच्या जवळची आहेत. मातीच्या वाळलेल्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. या पद्धतीत घाई नसते आणि दुरुस्तीही करता येते, पण रंग वरच्यावर राहतो, म्हणून त्याचे पापुद्रे निघण्याचा धोका असतो.

वसारीने टोकापासून सुरुवात केली आणि खऱ्या ओल्या पद्धतीने, बारकाईने काम केलं. १५७४च्या एप्रिलमध्ये कोसिमो गेला आणि जूनमध्ये वसारी. तोपर्यंत वरचेच पट्टे रंगून झाले होते. नव्या ड्यूकने रोमहून फेदेरिको झुक्कारीला बोलावलं आणि उरलेलं काम त्याने १५७९पर्यंत संपवलं. झुक्कारीने कोरड्या रंगांचा सढळ वापर केला, कुंचला रुंद मारला आणि प्रकाश-सावलीचा नाटकी खेळ केला. जवळून पाहिलं की त्याचे राक्षस काही ठिकाणी अक्षरशः चार फटकाऱ्यांत उभे केलेले दिसतात. विरोधाभास असा, की जिथे कुणाचीही नजर पोचणार नाही तिथे वसारीने कलाकुसर केली, आणि जवळ असलेला नरक झुक्कारीने ओबडधोबड ठेवला. लांबून बघणाऱ्यासाठी झुक्कारीचा हिशेब जास्त बरोबर होता. १९८० आणि १९९०च्या दशकांत घुमटाची मोठी साफसफाई आणि दुरुस्ती झाली, त्यानंतर हा फरक नीट दिसू लागला.

झुक्कारीने पुण्यवान माणसांच्या गर्दीत स्वतःलाही रंगवून घेतलं. न्यायाचा निकाल लागण्याआधीच आपली जागा राखून ठेवणारा माणूस!

पार्म्याची उलटी रीत

घुमट रंगवण्याची दुसरी एक रीत फ्लॉरेन्सच्या आधीच होऊन गेली होती. पार्मा शहराच्या कॅथीड्रलमध्ये कोरेज्जोने १५२६ ते १५३० या काळात मारियेचं स्वर्गारोहण रंगवलं. तिथे ओळी नाहीत आणि रकानेही नाहीत. खाली कठड्यापाशी प्रेषित उभे आहेत आणि त्यांच्या वर ढगांचं आणि देवदूतांचं भोवऱ्यासारखं फिरत जाणारं वलय. प्रत्येक आकृती खरोखर खालून बघावी तशी काढलेली आहे. आधी तळवे, मग गुडघे, मग हनुवटी. छत नाहीसं होतं आणि वर आभाळ उघडल्यासारखं वाटतं. पार्म्यातल्या कुणा धर्माधिकाऱ्याने याला बेडकांच्या तंगड्यांचा रस्सा म्हटलं, असं सांगतात. त्या माणसाला पाय सोडून दुसरं काही दिसलं नाही, हे अगदीच खोटं म्हणता येत नाही. वर पाहिलं की खरोखरच पायच पाय दिसतात.

फ्लॉरेन्समध्ये आकृत्या पाकळीवर उभ्या केल्या आहेत, जणू समोरच्या भिंतीवर असाव्यात तशा. पार्म्यात त्या हवेत लोंबत्या आहेत. फ्लॉरेन्सला अर्थ सांगायचा होता, म्हणून त्याने भ्रम सोडून दिला. कोरेज्जोने भ्रमाला पहिलं स्थान दिलं आणि अर्थ मागे ठेवला. पुढच्या शतकात रोमपासून सगळीकडे कोरेज्जोचीच रीत चालली. जुन्या गोव्यात सेंट कॅजेटन चर्चचा घुमट उभा राहिला तेव्हा रोमच्या सेंट पीटरचा नमुना समोर होता. पण चित्रांची ती लाट तिथवर पोचली नाही.

फ्लॉरेन्सकरांना काय वाटलं

त्यांना आवडलं नाही. घुमट उघडा झाल्यावर कवी आंतोन फ्रांचेस्को ग्राझ्झिनीने टोमणे मारणाऱ्या ओळी लिहिल्या. घुमटाला पुन्हा चुना फासेपर्यंत फ्लॉरेन्सची तक्रार थांबणार नाही, असा त्यांचा आशय. त्याच्या रागामागे थोडं तथ्य आहे. ब्रुनेलेस्कीचा पांढरा घुमट आत उभं राहणाऱ्याला उंचीची जाणीव करून देत असणार; रंगांच्या गर्दीत ती उंची हरवते. चित्र म्हणून पार्म्याचा घुमट कितीतरी सरस आहे, हे मी बिनदिक्कत म्हणेन. पण विचार कळावा म्हणून घुमट बघायचा असेल, तर फ्लॉरेन्सला तोड नाही.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कॅथीड्रलमध्ये शिरायला तिकीट नाही. घुमटावर चढायला आहे, आणि त्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. चढताना वाट नरकाच्या पट्ट्याजवळच्या सज्जातून जाते आणि पुढे दोन कवचांच्या मधून वर निघते. गुडघेदुखी किंवा अरुंद जागेची भीती असेल तर चढू नका. खालून, मागे सरून, दुर्बिणीने पाहिलेला घुमट अजिबात कमी नाही. चढणार असाल तर आधी खालून पाहा. तक्ता मनात बसल्याशिवाय वर गेलात, तर राक्षसांचे रंगीत फटकारे तेवढे दिसतील.